व्हायोलिन, शिष्यवृत्ती आणि कागदांची फाइल

नौपाड्यात मी बरीच वर्षं व्हायोलिनचा क्लास घेते. तबला आणि पेटी शिकायला मुलं रांगेने येतात, तंतुवाद्याकडे मोजकीच वळतात. त्यातलीही निम्मी आठवी-नववीत सुटतात. म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीला सीसीआरटीची शिष्यवृत्ती मिळेपर्यंत काय काय करावं लागलं ते लिहिते आहे. अशी योजना आहे हे ठाण्यातल्या अनेक पालकांना माहीतच नसतं, आणि शिक्षकांनाही नसतं.

सीसीआरटी ही संस्कृती मंत्रालयाची दिल्लीतली संस्था. शाळेत शिकणाऱ्या 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी ती गायन, वादन, नृत्य अशा कलांमधली शिष्यवृत्ती देते. वर्षाला 3600 रुपये, शिवाय गुरूंची फी वर्षाला 9000 रुपयांपर्यंत. दर दोन वर्षांनी नूतनीकरण होत होत ती पहिली पदवी किंवा वयाची 20 वर्षं पूर्ण होईपर्यंत चालू राहू शकते. आकडा ऐकून काही जण नाक मुरडतात. मला त्यातली मुदत मोलाची वाटते. दहावीच्या धामधुमीत ‘आता वाजवणं बंद’ म्हणताना घरचे दोनदा विचार करतात.

मुलगी कळव्याची, वडील महाप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. अर्जाचं बोलायला बसलो तर त्यांचा प्रश्न निराळाच निघाला. म्हणाले, “ताई, फीचं बघू हो. पण दर दोन वर्षांनी नवं व्हायोलिन कुठून आणायचं?”

खरी अडचण ती आहे. सतार किंवा पेटी एकदा घेतली की झालं. व्हायोलिन मात्र मुलाच्या हाताच्या मापाचं लागतं: क्वार्टर, हाफ, थ्री-फोर्थ आणि मग फुल. डावा हात सरळ पुढे केल्यावर वाद्याचं डोकं तळव्यात सहज बसलं पाहिजे. एका दुकानदाराने तिला ‘मोठंच घ्या, पुढे चालेल’ म्हणून फुल साइज गळ्यात मारलं होतं. करंगळी सुरावर पोचेना, मनगट वाकडं व्हायला लागलं. मी ते बाजूला ठेवायला लावलं आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी फोन सुरू केले. माळ्यावर, कपाटावर पडून असलेली छोटी व्हायोलिनं निघाली. तारा बदलल्या, एकाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) नवी बसवली. तेव्हापासून ही वाद्यं क्लासमध्ये फिरती आहेत. माप वाढलं की परत करायचं आणि पुढचं न्यायचं. तिला थ्री-फोर्थ मिळालं आणि महिन्याभरात तिचा भूप राग ऐकण्यासारखा झाला.

अर्जाला वयाचा दाखला, शाळेचं प्रमाणपत्र, कोणाकडे किती काळ शिकते याचं गुरूचं पत्र, शिकलेले राग-ताल असं सगळं लागलं. शाळेच्या सहीसाठी तिच्या आईला बऱ्याच खेपा पडल्या. ‘संगीताचं आमच्याकडे काही नसतं’ हे उत्तर तिने इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी सोबत गेले. माझ्या बाजूचे कागद तयार होते. फीची पावती, हजेरी, कोणत्या महिन्यात कोणता राग सुरू केला याची वही हे मी पहिल्यापासून ठेवते. माझ्याहून कितीतरी चांगलं वाजवणारे, मन लावून शिकवणारे शिक्षक ठाण्यात आहेत, पण पावतीपुस्तक नाही. मग त्यांच्या मुलांनी फीचा परतावा मागायचा कशाच्या आधारावर? मुलाच्या वाट्याचं मुलाला मिळायला हवं असेल तर शिक्षकाने लिहून ठेवलंच पाहिजे.

गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षाही तिने दिल्या होत्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला विद्यालय काढलं, त्यांच्या शिष्यांनी 1931 साली मंडळ उभं केलं. त्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आपल्या वाशीत आहे, याचं नवी मुंबईकरांना कौतुक असायला हवं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत पायऱ्या आहेत, आणि प्रवेशिका पूर्णपासून लेखीही असते. आपल्या राज्यात दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या किमान तीन परीक्षा झालेल्या लागतात. म्हणजे तिसरी-चौथीतच सुरुवात केलेली बरी. नववीत धावपळ करून उपयोग नाही.

शिष्यवृत्तीची चाचणी मुंबईत होती, भर पावसाळ्यात. लेडीज डब्यात व्हायोलिनची पेटी पोटाशी उभी धरून आम्ही गेलो. तिथे एसीत बसवलं. दमट हवेत फुगलेल्या खुंट्या कोरड्या गारव्यात आक्रसतात आणि सरकायला लागतात. तिची पंचमाची तार बघता बघता उतरली. तिने पेटीतला खडू काढला, खुंटी थोडी बाहेर ओढून त्यावर फिरवला, आत दाबत दाबत पिळली आणि कान लावून तार सुरात आणली. माझ्याकडे पाहिलंही नाही. पहिल्या वर्षापासून मी मुलांना स्वतःचं वाद्य स्वतः सुरात मिळवायला लावते, मग त्यात निम्मा तास गेला तरी चालेल. पालक कुरकुरतात, पण मी ऐकत नाही. आत तिला भूप वाजवायला सांगितलं, तीनतालातली गत झाली, मग ताल हातावर धरायला लावला. आणखी एक राग विचारला, तो तिने आलापापुरता वाजवला.

निकालाला खूप वेळ लागला. यादीत नाव दिसल्यावर तिच्या आईने फोनवर एवढंच विचारलं, “ताई, आता दहावीपर्यंत तरी सुटणार नाही ना?”

पुढच्या टप्प्याचंही सांगून ठेवते. 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी संस्कृती मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिना 5000 रुपये, दोन वर्षं. माझा एक जुना विद्यार्थी सध्या तिची तयारी करतोय. शिक्षकांसाठीही वाट आहे: 25 ते 40 वयाला कनिष्ठ आणि त्यापुढे वरिष्ठ फेलोशिप, महिना 10000 आणि 20000 रुपये, तीही दोन वर्षं. तिथे एखाद्या विषयावर नेमकं काम मांडावं लागतं. लहान मुलांना भारतीय बैठकीत व्हायोलिन कसं शिकवावं, यावर मराठीत नीट लिहिलेलं फार थोडं माझ्या हाती लागलंय. तोच विषय घेऊन मी अर्ज लिहायला बसले आहे.

मुलीचा हात आता फुल साइजला आलाय. बाजूला ठेवलेलं ते मोठं व्हायोलिन तिने परत काढलं आणि थ्री-फोर्थ ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलाकडे गेलं. हाफ साइजची मात्र चणचण आहे. दोन लहान मुलं एकाच वाद्यावर आळीपाळीने शिकताहेत. ठाण्यात, कळव्यात, वाशी-ऐरोलीत कुणाच्या माळ्यावर मुलांनी सोडलेलं छोटं व्हायोलिन पडून असेल, तर जवळच्या कुठल्याही क्लासला द्या. तार तुटलेली असली, गजाचे केस गेलेले असले तरी चालेल. ते दुरुस्त होतं.