खेळणं संपलं, कोचिंग शिकायला बसले

शेवटचा सामना खेळले तेव्हा मी 32 वर्षांची होते. 14 वर्षं फुटबॉल खेळले, तेही सेंटर बॅक म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी, त्यातली सहा वर्षं कॅप्टन म्हणून. त्यामुळे कोचिंगचं लायसन्स काढायचं ठरवलं तेव्हा काळजी फक्त लेखी परीक्षेची होती. मैदानावरचं तर आपल्याला येतंच, असं मी धरून चालले होते.

डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्यांनी हे लायसन्स वर जातं. प्रत्येक पायरीवर थोडे दिवस वर्ग, थोडे दिवस मैदान, मग आपापल्या संघाकडे परतून काही महिने काम आणि त्या कामाची वही. शेवटी परीक्षक येऊन तुमचं सत्र बघतात. डी आणि सी पार पडले. बी लायसन्सच्या प्रात्यक्षिकात मात्र मी अडकले.

विषय होता मागून खेळ उभारणे. म्हणजे गोलकीपरकडून सुरुवात करून, लांब फटका न मारता, पास देत पुढे सरकायचं. आयुष्यभर मी हेच केलेलं. शिट्टी वाजवून खेळ थांबवला, एका मुलीला हाताला धरून जागेवर उभं केलं, समजावलं. पुन्हा शिट्टी, पुन्हा समजावलं. सत्र संपल्यावर परीक्षकांनी स्टॉपवॉच पुढे केलं. 20 मिनिटांच्या सत्रात चेंडू फिरत होता फक्त नऊ मिनिटं. ते म्हणाले, "तुम्ही त्यांना शिकवत नव्हता, त्यांच्या जागी स्वतः खेळत होतात." निकालाच्या कागदावर शेरा होता, अजून पात्र नाही.

त्या कागदाचा मला फार त्रास झाला. आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. मग एका सहकाऱ्याने सुचवलं म्हणून सरावाच्या वेळी फोन खिशात ठेवून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला आणि रात्री ऐकला. तासाभरात "चल, चल" आणि "लवकर" हे मी 40 हून जास्त वेळा म्हटलं होतं. काय लवकर, कुठे चल, हे एकदाही नाही. कोचिंगच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येकीला मी आता हेच पहिल्यांदा करायला सांगते. ऐकवत नाही, पण ऐकाच.

संघात 15 वर्षांची एक मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत खेळणारी मुलगी होती. पाय उत्तम, पण चेंडू मिळण्याआधी मागे वळून बघायचीच नाही. मग चेंडू आला की पाठीवर डिफेंडर. मी रेषेवरून "मागे बघ!" ओरडायचे आणि ती चेंडू आल्यावर बघायची. शेवटी ओरडणं सोडलं. तिच्या पाठीमागे 10 मीटरवर उभी राहिले, हातात एक पिवळं आणि एक लाल बिब, म्हणजे सरावात जर्सीवर घालायचं बनियन. पास निघाला की एक बिब वर करायचे. चेंडू पायाशी पोचण्याआधी तिने रंग सांगायचा. पहिल्या दिवशी तिचे निम्मे पास निसटले. वैतागून म्हणाली, "ताई, रंग बघू की चेंडू बघू?" मी म्हटलं, "दोन्ही. चेंडू वाटेत असतानाच." तिसऱ्या आठवड्यात एका सराव सामन्यात तिने खांद्यावरून दोनदा नजर टाकली, पहिल्याच स्पर्शात वळली आणि मोकळ्या जागेत गेली. ते बघताना मला कळलं की मीसुद्धा 14 वर्षं असंच बघत होते. मला ते येत होतं. कसं येतं, हे माहीत नव्हतं.

एमा हेज यांचं खेळणं घोट्याच्या दुखापतीमुळे 17 व्या वर्षीच थांबलं. इंग्लंडमधल्या चेल्सी क्लबच्या महिला संघाच्या त्या 2012 ते 2024 कोच होत्या आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलं. सरिना वीगमन मात्र नेदरलँड्सच्या कॅप्टन होत्या, शिवाय शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या. 2017 ला नेदरलँड्सबरोबर, 2022 आणि 2025 ला इंग्लंडबरोबर कोच म्हणून त्या युरो, म्हणजे युरोपातली देशांची स्पर्धा जिंकल्या. त्या दोघींबद्दल वाचून मी शिकवणं हे वेगळं कौशल्य मानायला लागले आणि पाच महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी शिट्टी तीनदाच वाजवली. पास झाले.

बीच्या वर्गात आम्ही 24 जण होतो, त्यात बायका दोन. 2023 च्या महिला विश्वचषकातही 32 संघांपैकी 12 संघांच्याच मुख्य कोच महिला होत्या. बायकांना आवड नसते, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. फी असते, निवासी आठवडे असतात, शनिवार-रविवार जातात आणि लायसन्स मिळालं तरी पगाराची जागा मिळेल याची खात्री नसते. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आई येऊन राहिली म्हणून मी जाऊ शकले. जिची आई येऊ शकत नाही, तिचं काय?

पुढे क्लबच्या मुलींच्या विभागाची प्रमुख झाले. हे काम मैदानापेक्षा मीटिंगमध्ये जास्त होतं. पहिला प्रश्न मैदानाच्या वेळेचा. मुलींना कायम शेवटची वेळ, रात्री साडेआठची. तोंडी तक्रारी आधीही झाल्या होत्या. मी तीन महिन्यांची हजेरी वयोगटाप्रमाणे मांडून समितीपुढे ठेवली. 14 वर्षांखालच्या मुली कशा गळत गेल्या ते त्यात स्पष्ट दिसत होतं. दोन बैठका लागल्या, पण वेळ बदलली.

त्यानंतर वॉर्म-अप. मुलींमध्ये एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या एका महत्त्वाच्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळते. फिफाच्या '11+' या 20 मिनिटांच्या व्यायामक्रमाने दुखापती कमी होतात हे अभ्यासांत दिसलं आहे. तरीही सरावातली 20 मिनिटं जातात म्हणून आमचेच कोच कुरकुरले. इथे मी ऐकलं नाही. गुडघा गेला तर मुलीचं जवळजवळ वर्ष जातं आणि काही जणी परत येतच नाहीत. माझ्या दोन मैत्रिणी नाही आल्या.

आणखी एक गोष्ट बजेटमध्ये घालून घेतली: दरवर्षी दोन मोठ्या मुलींनी, खेळत असतानाच, डी लायसन्स करायचं, फी क्लब भरेल. मी खेळणं संपल्यावर सुरू केलं, तो उशीर झाला असं मला आजही वाटतं.

आता ए लायसन्सचं माझं सत्र पुढच्या महिन्यात आहे. विषय आलाय, चेंडू गमावल्यानंतरची पहिली पाच सेकंदं. आराखडा तीनदा खोडून झाला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मी मैदानावर म्हणणार असलेली चार वाक्यं लिहून ठेवली होती. काल त्यातलं एक काढलं.