काँगो खोऱ्यातला शेजारधर्म

गेल्या काही महिन्यांपासून मला एक सवय लागली आहे. रात्री कामे आटोपली की मी संगणकावर मध्य आफ्रिकेची उपग्रह-छायाचित्रे उघडून बसतो आणि सांगा नदीच्या काठाकाठाने हळूहळू खाली सरकत जातो. कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगो प्रजासत्ताक या तीन देशांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे पडद्यावर खेटून उभ्या असलेल्या झाडांच्या माथ्यांखेरीज फारसे काही नसते. नकाशावरील सीमारेषा पुसून टाकली, तर एका देशाचे जंगल कुठे संपले आणि दुसऱ्याचे कुठे सुरू झाले हे कोणालाही सांगता येणार नाही. मध्येच एखादी तांबूस, सरळ ओळ दिसते आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारख्या बारीक ओळी फुटलेल्या दिसतात. हे लाकूडतोडीचे रस्ते. ॲमेझॉननंतर जगातील सर्वांत मोठे उष्ण कटिबंधीय वर्षावन असलेल्या काँगो खोऱ्याचे भवितव्य या ओळींशी जोडलेले आहे, आणि त्या कोणी, किती आणि कोणत्या अटींवर आखाव्यात हे एकट्या देशाला ठरवता येत नाही, हे मला या छायाचित्रांनीच प्रथम शिकवले.

या सीमेजवळच, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या हद्दीत, झांगा-बायी नावाचे ठिकाण आहे. घनदाट अरण्यातील नैसर्गिक मोकळ्या जागेला तिथे ‘बायी’ म्हणतात. या जागेच्या वाळूमिश्रित मातीत खनिज क्षार आहेत आणि त्यांच्यासाठी वनहत्ती दूरदूरहून येतात, गुडघे टेकून सोंड पाण्याखालच्या खड्ड्यात खोलवर घालतात आणि क्षारयुक्त पाणी ओढून घेतात. एरवी दाट झाडीत चार पावलांवर असूनही न दिसणारा हा प्राणी इथे एका वेळी डझनांनी उघड्यावर दिसतो. अँड्रिया टर्कालो या अमेरिकी संशोधिकेने दोन दशकांहून अधिक काळ इथल्या मचाणावर बसून कानांचे आकार, त्यांवरील चिरा, सुळ्यांची ठेवण यांवरून हजारो हत्तींची ओळख पटवली. त्यांच्या नोंदींतून कळलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वनहत्तिणीला पहिले पिल्लू होते ते सरासरी तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, आणि दोन पिल्लांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर असते. म्हणजे एका रात्रीत मारलेल्या कळपाची भर निघायला माणसाचे आयुष्यही पुरणार नाही.

आणि तशी वेळ आलीही. २०१३ च्या मार्चमध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बंडखोरांनी सत्ता घेतली, देशाची घडी विस्कटली आणि मे महिन्यात सशस्त्र शिकाऱ्यांनी झांगा-बायीत शिरून २६ हत्ती मारले. सरकारच जागेवर नसेल तर वनरक्षकाने कोणाच्या बळावर उभे राहावे? त्या वेळी शेजारच्या दोन देशांशी आधीपासून जुळलेला संबंध आणि बाहेरून नियमित येणारी मदत नसती, तर ते संरक्षित क्षेत्र आज कागदावरच उरले असते असे मला वाटते.

हा संबंध जुळला होता तो २००० च्या डिसेंबरमध्ये. कॅमेरूनमधील लोबेके, काँगो प्रजासत्ताकातील नुआबाले-न्दोकी आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील झांगा-न्दोकी या तीन राष्ट्रीय उद्यानांचे व्यवस्थापन परस्परांच्या सहकार्याने करण्याचा करार तिन्ही देशांनी कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे केला. २०१२ मध्ये युनेस्कोने या सुमारे साडेसात लाख हेक्टर सलग वनाला ‘सांगा त्रिराष्ट्रीय’ या नावाने जागतिक वारशात स्थान दिले. करारामुळे तिन्ही देशांच्या रक्षकांना संयुक्त गस्त घालता येऊ लागली. सीमेपलीकडे पळालेला शिकारी हा आपला प्रश्न उरला नाही असे म्हणण्याची सोय त्यामुळे कमी झाली, आणि माझ्या मते कराराचे खरे मोल इथेच आहे.

याहून कमी चर्चिली गेलेली, पण मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे या त्रिराष्ट्रीय क्षेत्रासाठी २००७ मध्ये उभारलेला न्यास. त्याची कल्पना साधी आहे: देणगीदारांकडून आलेली मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून दरवर्षीचा खर्च भागवायचा. परदेशी मदतीवर चालणाऱ्या प्रकल्पांचा नेहमीचा रोग असा की तीन किंवा पाच वर्षांचा निधी मंजूर होतो, माणसे नेमली जातात, गाड्या येतात आणि मुदत संपली की सगळे थंडावते. वनरक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. गस्तीच्या नावेत इंधन दर आठवड्याला भरावे लागते. तेविसाव्या वर्षी प्रथम विणाऱ्या प्राण्याचे रक्षण तीन वर्षांच्या प्रकल्पांनी कसे होणार? निधीचा काळ आणि जंगलाचा काळ यांत मेळ घालण्याचा थोडा तरी प्रामाणिक प्रयत्न या न्यासात दिसतो.

या सहकार्याचा पाया स्वतः या प्रदेशातील देशांनी घातला, हेही आवर्जून सांगायला हवे, कारण मध्य आफ्रिकेतील वनांविषयी लिहिताना सारे काही पाश्चात्त्य देशांच्या पुढाकाराने घडले असा ग्रह सहज होतो. १९९९ च्या मार्चमध्ये मध्य आफ्रिकेतील राष्ट्रप्रमुख याउंदेत जमले आणि वनांच्या संरक्षणाची व शाश्वत वापराची संयुक्त घोषणा त्यांनी केली. २००५ च्या फेब्रुवारीत ब्राझाव्हिल येथे या घोषणेला तहाचे रूप मिळाले आणि ‘मध्य आफ्रिका वन आयोग’, म्हणजेच कोमिफाक, दहा सदस्य देशांची कायदेशीर संस्था ठरला. दरम्यान २००२ मध्ये जोहान्सबर्गच्या शिखर परिषदेत ‘काँगो खोरे वन भागीदारी’ जाहीर झाली आणि अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, कॅनडा, बेल्जियम यांनी आळीपाळीने तिच्या समन्वयाची जबाबदारी घेतली. आयोगाचे दुखणे जुनेच आहे: सदस्य देशांची वर्गणी थकते आणि मग कामासाठी पुन्हा बाहेरच्या पैशाकडे पाहावे लागते. तरीही दहा देशांचे वनमंत्री एका आराखड्यावर बोलू शकतात असे व्यासपीठ त्या भागात टिकून आहे, आणि त्या भागातील युद्धे व सत्तांतरे पाहता ही गोष्ट मी लहान मानत नाही.

आता पुन्हा त्या तांबूस ओळींकडे येतो. काँगो खोऱ्यातील कायदेशीर लाकूडतोड ही सरसकट सपाटीकरण करणारी नसते. विस्तीर्ण ठेक्याचे कूप, म्हणजे तोडीसाठीचे पट्टे, पाडले जातात, एका कुपातून दर हेक्टरी एखाद-दुसरे मोठे झाड काढले जाते आणि तिथे पुन्हा येण्यासाठी साधारण २५ ते ३० वर्षे थांबायचे असते. ओंडक्यावर आणि मागे राहिलेल्या बुंध्यावर एकच क्रमांक घालायचा, म्हणजे बंदरात पोहोचलेले लाकूड कोणत्या जागेवरचे हे पडताळता येते. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक मौल्यवान जातींची झाडे तीस वर्षांत पूर्ववत होत नाहीत, आणि तोडीपेक्षाही अधिक हानी त्या रस्त्याने होते, कारण ट्रक गेल्यानंतर त्याच वाटेने शिकारी आत शिरतात. २००२ ते २०११ या काळात वनहत्तींची संख्या सुमारे ६२ टक्क्यांनी घटली, आणि रस्त्यांजवळच्या जंगलात ते फारच विरळ झाले.

सापेली नावाचे झाड यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. महोगनीच्या कुळातील हा उंच वृक्ष दारे-खिडक्या, फर्निचर आणि वाद्ये यांसाठी युरोपात मोठ्या प्रमाणावर जातो. त्याच झाडाच्या पानांवर ठरावीक हंगामात एका पतंगाच्या अळ्या वाढतात. पूर्ण वाढ झालेल्या अळ्या झाडावरून खाली उतरू लागल्या की आसपासच्या गावांतली बायामुले पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. त्या भाजून किंवा उकडून खातात, वाळवून साठवतात आणि उरलेल्या बाजारात विकतात. जिथे मांस दुर्मिळ होत चालले आहे, तिथे हे प्रथिनांचे हक्काचे अन्न आहे. परंतु ठेकेदाराच्या यादीत त्या झाडाची नोंद फक्त घनमीटरमध्ये होते. एकच झाड दोन हिशेबांत असते आणि त्यातला एकच हिशेब लिहिला जातो, याचे मला मनापासून दुःख होते.

हा दुसरा हिशेब लिहिला जावा यासाठी खरेदीदार देशांवर दबाव हवा. युरोपीय संघाने कॅमेरून, काँगो प्रजासत्ताक आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक यांच्याशी लाकडाच्या कायदेशीरपणाविषयी स्वतंत्र करार केले आणि २०१३ पासून बेकायदा लाकूड बाजारात आणण्यास मनाई केली. गॅबनने २०१० मध्ये न कापलेले ओंडके निर्यात करण्यावर बंदी घातली, जेणेकरून लाकूड कापण्याचे आणि त्यापासून वस्तू करण्याचे काम देशातच व्हावे. लोकशाही काँगोने, म्हणजे काँगो प्रजासत्ताकाला लागून असलेल्या आणि किन्शासा ही राजधानी असलेल्या दुसऱ्या काँगोने, २००२ मध्ये नवे ठेके देण्यावर स्थगिती आणली, पण स्थगिती असूनही ठेके दिले गेल्याचे पुढे उघड झाले. नुसता नियम पुरत नाही, त्यामागे तपासणारा माणूस आणि न घेणारा ग्राहक हे दोघेही लागतात.

जंगलाचे मोल केवळ उभ्या झाडांत नाही, हे २०१७ मध्ये अधिक ठळकपणे समोर आले. सायमन लुईस, ग्रेटा डार्गी आणि काँगोतील संशोधक इफो सुस्पेन्स यांच्या चमूने दोन्ही काँगोंच्या सीमेवरील दलदलीच्या अरण्यात गुडघाभर चिखल तुडवत, लांब सळया जमिनीत खुपसत, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, म्हणजे पीटची, खोली मोजली. सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सुमारे ३,००० कोटी टन कार्बन साठलेला असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. हा थर ओला आहे तोवर कार्बन जमिनीत सुरक्षित आहे. तो कोरडा पडला की कुजू लागतो, पेट घेऊ शकतो. इंडोनेशियाने आपल्या पीटजमिनी कालवे खणून वाळवल्या आणि त्याचे भयंकर परिणाम भोगले. म्हणूनच २०१८ च्या मार्चमध्ये दोन्ही काँगो आणि इंडोनेशिया यांनी ब्राझाव्हिल येथे केलेली संयुक्त घोषणा मला फार महत्त्वाची वाटते. ज्याने चूक केली तो, ज्याने ती अजून केलेली नाही त्याला सावध करतो आहे; असे सहकार्य पैशात मोजता येत नाही.

तरीही प्रश्न पैशाचाच होतो. २०२२ च्या जुलैमध्ये लोकशाही काँगोने तेल आणि वायूच्या ३० गटांचा, म्हणजे शोधक्षेत्रांचा, लिलाव पुकारला आणि त्यांतील काही गट याच पीटभूमीवर पसरलेले होते. २०२४ मध्ये तो लिलाव रद्द झाला, पण पुढच्याच वर्षी नवे गट पुढे आले. या सरकारला दोष देणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या देशांनी शतकभर तेल जाळून संपत्ती मिळवली, त्यांनी ‘तुम्ही मात्र काढू नका’ असे सांगताना त्या न काढण्याची किंमत वाटून घ्यायला हवी. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत देणगीदारांनी काँगो खोऱ्यासाठी २०२५ पर्यंत किमान १५० कोटी डॉलरचे वचन दिले. त्याच वर्षी गॅबनला, उत्सर्जन कमी ठेवल्याबद्दल, नॉर्वेच्या निधीतून १ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. २०१९ मध्ये झालेल्या १५ कोटी डॉलरच्या करारातला हा पहिला हप्ता होता, आणि केलेल्या कामाचा मोबदला म्हणून असा पैसा मिळणारा गॅबन हा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. ज्याने जंगल तोडले आणि मग थांबवले त्यालाच बक्षीस, आणि ज्याने मुळात तोडलेच नाही त्याच्या हाती काहीच नाही, ही जुनी विसंगती थोडीफार तरी इथे दूर झाली.

लोकशाही काँगोमधील परिस्थिती वेगळी आहे. तिथे जंगल घटते ते मुख्यतः छोट्या फिरत्या शेतीमुळे आणि कोळशामुळे. किन्शासातील बहुसंख्य घरांत स्वयंपाक ‘मकाला’वर, म्हणजे लाकडी कोळशावर होतो, आणि तो पोत्यांनी दूरदूरच्या जंगलांतून येतो. चुलीवर भांडे चढवणाऱ्या बाईला पर्याय न देता भट्ट्यांवर छापे घालणे मला अन्यायाचे वाटते. राजधानीच्या पूर्वेला बातेके पठारावरील माम्पू येथे युरोपीय मदतीने एक वेगळा मार्ग आखला गेला: गवताळ जमिनीवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, आठ-दहा वर्षांनी ती तोडून कोळसा करायचा, त्या मोकळ्या झालेल्या आणि झाडांनी कसदार केलेल्या जमिनीत कसावा व मका घ्यायचा, आणि पिकाबरोबरच बाभळीची नवी रोपे वाढू द्यायची. शेतकरी कुटुंबांना वाटून दिलेल्या या भूखंडांतून राजधानीला वर्षानुवर्षे कोळसा आणि अन्न दोन्ही मिळत आले आहे. शहराची एकूण भूक पाहता हे क्षेत्र लहान आहे, परंतु असे क्षेत्र वाढवण्यास लागणारा पैसा परिषदांच्या आकड्यांसमोर काहीच नाही.

आणि जंगलात राहणाऱ्यांचे काय? बाका, बाआका, बाम्बुती, बात्वा हे समाज राष्ट्रीय उद्यानांच्या सीमा आखण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. उद्यानांच्या नावाखाली त्यांना बाहेर काढले गेले, आणि वनरक्षकांनी त्यांना मारहाण केल्याचे आरोपही झाले. हे आरोप इतके गंभीर होते की २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त श्रीमती नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने त्यांचा अहवाल दिला. माझ्यासारख्या वनप्रेमी माणसाला हा भाग वाचणे जड जाते, पण तो टाळून सहकार्याविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. काँगो प्रजासत्ताकाने २०११ मध्ये आणि लोकशाही काँगोने २०२२ मध्ये मूलनिवासींच्या हक्कांचा कायदा केला. त्याआधी, २०१४ मध्ये, लोकशाही काँगोने एखाद्या गावसमूहाला ५०,००० हेक्टरपर्यंतचे जंगल कायमस्वरूपी मागून घेण्याची तरतूद केली होती.

या तरतुदीचा अर्ज करताना गावाला आपल्या जंगलाचा नकाशा जोडावा लागतो. मग गावातली जाणती माणसे आणि तरुण मुले जीपीएस यंत्र घेऊन दिवसचे दिवस पायी फिरतात. ओढे, जुनी वस्ती, पूर्वजांच्या कबरी, औषधी साली मिळण्याच्या जागा असे एकेक ठिकाण टिपत जातात, आणि अळ्यांच्या सापेलीपाशी थांबून तिचाही बिंदू घेतात.