पल्स पोलिओचा रविवार, बूथ ते उसाचा फड : माझा अनुभव

लसीचा कॅरियर (थंड पेटी) हातात आला की आधी झाकण नीट बसतंय का ते बघते. आत चार आइस पॅक आणि मधोमध झिपच्या पिशवीत कुप्या. पिशवी नसली की वितळलेल्या पाण्यानं लेबल सुटतं, लेबलाबरोबर व्हीव्हीएमही जातो, म्हणजे लस उष्णतेनं खराब झाली का ते दाखवणारी खूण. त्यातला आतला चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंतच लस चालते. दोन्ही सारखे दिसले की कुपी बाद. एका कुपीत 20 डोस. बाहेर एकच काढायची. गोठलेली निघाली तर थेंब पडतच नाही, तळहातांत फिरवली की सुटते.

थेंब दोन. गाल हलके दाबले की तोंड उघडतं. ड्रॉपर ओठाला लागू द्यायचा नाही. थुंकलं तर लगेच पुन्हा द्यायचे. मग डाव्या करंगळीला खूण, निम्मी नखावर, निम्मी कातडीवर. तान्ह्याची मूठ सुटत नाही, करंगळीकडनं उलगडायची आणि शाई वाळेपर्यंत धरून ठेवायची. नाहीतर मूठ सरळ तोंडात, खूण गायब.

"सिस्टर, कार्डावरचे सगळे डोस झालेत की वो, परत कशाला?" हे दर वेळी ऐकते. रविवारचे थेंब जादाचे आहेत, 5 वर्षांखालच्या प्रत्येकाला. उलटी चूक जास्त महागात पडते : रविवारी थेंब घेतले म्हणून कार्डावरचा डोस सोडणं. 6 आणि 14 आठवड्यांना, मग 9 महिन्यांना आयपीव्हीचं, म्हणजे टोचायच्या पोलिओ लसीचं, 0.1 मिलीचं इंजेक्शन असतं. एप्रिल 2016 पासून थेंबांत पोलिओ विषाणूचा टाइप 2 नाही, त्यापासून संरक्षण या इंजेक्शनातूनच मिळतं.

बूथ सोपा. सोमवारपासून घरोघरी फिरताना "मुलं किती?" एवढंच विचारलं तर उत्तर चुकतं. "झोपलेलं, तान्हं, पाहुण्यांचं कोण आहे का?" असं विचारलं की आतनं आणखी एक निघतं. सगळ्यांना मिळालं तर दारावर पी, एखादं राहिलं तर एक्स. एक्सच्या घरी पुन्हा जायचंच. कोल्हापूरच्या अंबाबाईला आलेल्या परगावच्या पोरांना आमची टीम सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, गाठते.

खरी दमछाक शिरोळ-कागलकडच्या फडांवर. बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या खोप्या घरांच्या यादीत नसतात, आणि एक फड तुटला की टोळी पुढं सरकते. दिवसा गेलं तर खोपीत कुत्रं आणि घागर, पोरं आईबापाबरोबर सरीत. म्हणून शनिवारीच टोळीच्या मुकादमाला फोन : "दादा, उद्या कुठल्या शिवारात? किती कोयते?" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यावरनं पोरांचा अंदाज येतो आणि कुप्या मोजून घेता येतात. जायचं ते फटफटायच्या आधी किंवा दिवेलागणीला, बॅटरी घेऊन, कारण व्हीव्हीएम अंधारात दिसत नाही.

खोपीच्या पाचटावर खडू चालत नाही. पी आम्ही बैलगाडीच्या फळीवर लिहितो.