कोकणात गादी घेताना: पाठ आणि ओल, दोन्ही बघा

आमचं घर दापोलीजवळच्या मुरुडला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. ताम्हिणी घाटातून गाडी चालवत आलेले पुण्याचे पाहुणे उतरल्या उतरल्या कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि सकाळी चहा देताना मी पहिली चौकशी करते ती झोपेची. त्यामुळे गादीबद्दल माझी मतं पक्की झाली आहेत. ती लिहून ठेवावीशी वाटतात, कारण गादीवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेत, एसी लावून झोपणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे पाठीइतकाच ओलीचा विचार करावा लागतो.

आधी पाठीचं. कंबर धरली म्हटलं की चारजण सांगतात, "फळीवर झोप." पूर्वी डॉक्टरही हेच सांगायचे. 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 माणसांना नव्या गाद्या दिल्या, काहींना कडक, काहींना मध्यम, आणि कुणाला कोणती मिळाली हे त्यांना कळू दिलं नाही. 90 दिवसांनी बघितलं तर मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला होता, अंथरुणात पडल्यावरही आणि सकाळी उठतानाही. गादीचा कडकपणा मोजायला 1 ते 10 अशी मोजपट्टी होती, 1 म्हणजे सर्वांत कडक. त्यांची कडक गादी 2.3 ची आणि मध्यम गादी 5.6 ची. म्हणजे ती काही मऊ लुसलुशीत नव्हती, बरोबर मधली होती.

असं का, ते स्वतःच्या अंगावर ताडून बघता येतं. कणा बाजूने पाहिला तर कमरेपाशी आत वळलेला असतो. फळीवर उताणं झोपलं की पाठ आणि कुल्ले टेकतात, कंबर अधांतरी राहते आणि तिथले स्नायू रात्रभर ओढलेले राहतात. कुशीवर झोपणाऱ्याचा तर सगळा भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो. उलट फार मऊ गादीत कुल्ले रुततात आणि माणूस झोळीत निजल्यासारखा वाकतो. म्हणून दुकानात गादी हाताने दाबून काही कळत नाही. चप्पल काढून दहा-पंधरा मिनिटं सरळ झोपायचं. उताणं झोपून कमरेखाली हात सरकवायचा. हात आरपार सहज फिरला तर गादी कडक, अजिबात शिरला नाही तर फार मऊ, थोडा घासून गेला तर ठीक. मग ज्या कुशीवर रोज झोपता त्या कुशीवर व्हायचं आणि बरोबरच्या माणसाला मागून बघायला सांगायचं, मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसते का. दुकानात लोक बघतात म्हणून बायका हे टाळतात. टाळू नये. पुढची आठ-दहा वर्षं त्या गादीवर तुम्हालाच झोपायचं आहे.

आणि गादीवर 'ऑर्थोपेडिक' असं छापलेलं असलं म्हणून भुलू नका. तो विकायचा शब्द आहे, कुठल्या डॉक्टरने तपासून दिलेला दाखला नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की गादी कडक आहे.

वजनाचाही प्रश्न असतो. आमचे हे अंगाने थोराड, मी किरकोळ. त्यांना जी गादी मध्यम लागते ती मला फळी लागते. आम्ही एकाच पलंगावर दोन वेगवेगळ्या सिंगल गाद्या घातल्या आणि वरून एक चादर. पाहुण्यांच्या खोल्यांतही मी तेच केलंय, एक गादी थोडी कडक, एक थोडी नरम. नवरा-बायको आपापसात ठरवतात कोण कुठे झोपणार ते.

आता जमिनीवर झोपण्याबद्दल. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. जन्मभर सारवलेल्या जमिनीवर चटई आणि वाकळ घालून झोपल्या. पलंगाचं नाव काढलं तेव्हा म्हणाल्या, "आम्ही काय खाली झोपून मेलो? आणि वरून पडले तर काय गो करशील?" त्यांच्या पाठीला त्या अंथरुणाने कधी त्रास दिला नाही हे खरंच आहे. वाकळीचे थर जाड होते, आणि उकिडवं बसून कामं केलेली त्यांची शरीरं तशी घडलेली होती. पण जमिनीवरून उठायला गुडघे लागतात, आणि त्यांचे आता साथ देत नाहीत. रात्री लघवीला उठताना भिंतीला धरून धडपडत उठायचं, यात पडण्याची भीती पलंगापेक्षा किती तरी जास्त.

दुसरी भीती मी त्यांना स्पष्टच सांगितली, मण्यारीची. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या आणि दुसऱ्या सापांच्या मागावर घरात शिरते, आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. तिचा दंश बहुतेकदा दुखत नाही, सूज येत नाही, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, पुढे श्वास अडतो. विंचवाचीही तीच भीती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर कोकणातल्या विंचूदंशावर काम केलं, त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता माणसं वाचतात ती त्या उपचारांमुळे, पण दंशच होऊ नये हे जास्त चांगलं. पलंग भिंतीपासून थोडा सुटा, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली, चादर जमिनीला लोळत नाही. एवढं केलं की पुष्कळ धोका टळतो.

सासूबाईंचा पलंग फणसाच्या लाकडाचा आहे, जुनाच. सुताराकडून पाय कापून घेतले. काठावर बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. त्यांच्या उंचीला ते गादीसकट दीड फुटाच्या आसपास आलं. गादी किती का चांगली असेना, म्हातारं माणूस तिच्यावरून धड उठू शकत नसेल तर ती त्याच्या उपयोगाची नाही.

आता आतल्या मालाकडे येते. कापसाची गादी मला प्रिय आहे. हवा खेळते, अंगाला बरी लागते, आणि खड्डा पडला की पिंजून पुन्हा भरता येते. पण कापूस ओल पितो. श्रावण येईपर्यंत ती जड होते, कुबट वास मारायला लागते, आणि ऊन मिळणार कुठून? मेमरी फोम शरीराच्या उबेने मऊ होऊन अंगाचा आकार घेतो. थंड गावात छान असेल, पण मे महिन्यातल्या उकाड्यात, लाईट गेलेली असताना, त्याच्यावर माणूस घामाने निथळतो. स्प्रिंगची गादी हवेशीर खरी, पण खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं हे आमच्या खिडक्यांचे गज बघितले की कळतं.

मी निवडली ती काथ्याची गादी. नारळाच्या सोडणाचा काथ्या, रबराच्या चिकाने बांधलेला. त्यातून वारा जातो, पाणी धरून राहत नाही. नुसता काथ्या मात्र कडक असतो, कुशीवरच्या खांद्याला टोचतो म्हटलं तरी चालेल. म्हणून वर दीड-दोन इंचाचा लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या स्पंजाचा, थर असलेली घेतली. हा थर जिथे दाब येईल तिथे दबतो आणि खालचा काथ्या कंबर पेलतो. काही वर्षांनी काथ्या मधोमध बसतो, हा त्याचा दोष. दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवली की तो पुढे ढकलता येतो.

गादीखाली काय आहे हे तर कुणी विचारतच नाही. सामान ठेवायला पेटी असलेले पलंग हल्ली सगळीकडे दिसतात. मुंबईच्या घरात ते सोयीचे आहेत, कोकणात नकोत. प्लायवूडवर गादी चिकटून राहते, रात्रभराचा घाम खाली उतरतो, आणि गणपतीला पाहुणे आले म्हणून गादी उचलली की खाली बुरशीचे काळे डाग. आमचे पलंग पट्ट्यांचे आहेत, दोन पट्ट्यांमध्ये अडीच-तीन इंचांची फट. प्लायवूडच असेल तर सुताराकडून त्याला भोकं पाडून घ्या. चिऱ्याची भिंत पावसात ओल ओढते, म्हणून पलंग भिंतीला टेकवू नका. आणि उठल्या उठल्या अंथरूण झाकून टाकायची सवय मोडा. तासभर चादर उलटी टाकून गादी उघडी राहू दे. धुळीतले माइट्स नावाचे बारीक जीव हवेतल्या ओलाव्यावरच जगतात आणि ज्यांना दमा किंवा सर्दी आहे त्यांना ते छळतात. उशीचे अभ्रे आणि चादरी कडकडीत पाण्यात धुतल्या की ते मरतात.

ऊन दाखवायचं ते कापसाला. दसऱ्याच्या सुमारास खळ्यात गाद्या निघतात, उलटसुलट करून बडवल्या जातात. लेटेक्स आणि फोमला कडक ऊन सोसत नाही, ते पिवळे पडून भुगा व्हायला लागतात. त्या गाद्या पडवीत, सावलीत, वाऱ्यावर उभ्या करायच्या.

उशी सावरीच्या कापसाची. उन्हाळ्यात बोंडं फुटतात, मुलं गोळा करून आणतात. हा कापूस हलका असतो आणि सहजासहजी ओल धरत नाही. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि मान यांच्यातली जागा भरेल एवढी उंच हवी, उताणं झोपणाऱ्याची त्याहून बसकी. कंबर दुखत असेल तर कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली एक. यांच्या वाडीतल्या कामाच्या दिवसांत, सुपारी वेचून वेचून कंबर भरून आली की, या एका उशीने त्यांना जितकं बरं वाटतं तितकं कशानेच वाटत नाही.

गादीने सगळं बरं होत नाही. पायात मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप असेल, तर गादीच्या दुकानात न जाता आधी दवाखान्यात जा. आणि झोपेतून उठल्यावर लगेच वाकायची कामं करू नका. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगलेल्या असतात, सकाळी वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. अंगण झाडणं, सडा घालणं तासाभराने केलं तरी चालतं.

घ्यायची असेल तर दिवाळीनंतर घ्या, हवा कोरडी असताना. आणि गादी घरी आली की तिच्यावरचं प्लॅस्टिक त्याच दिवशी काढा. नवी राहावी म्हणून लोक ते तसंच ठेवतात, आणि पुढच्या पावसाळ्यात आत पाणी सुटतं.