ज्यूदोचा पहिला धडा

जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले व्यायामगुरू प्रोफेसर माणिकराव यांच्या गोष्टी ऐकत वडोदऱ्यात वाढलेल्या मी चाळिशीत ज्यूदो शिकायला जावे, हे घरी कोणालाच रुचले नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतून घडवलेल्या या विद्येत आधी फेकायला नव्हे, पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी धरायची, पाठ गोल करायची आणि ती मॅटला टेकताच दोन्ही हात अंगापासून जरा दूर, तळव्यांपासून कोपरांपर्यंत आपटायचे, म्हणजे आघात विभागला जातो आणि डोके वाचते. माझे डोके वाचले. मान मात्र आखडली. जोडीला दिलेली मुलगी माझ्या निम्म्या वयाची असावी. जाड सुती जाकिटाची कॉलर धरून तिने मला मनसोक्त जोर लावू दिला आणि त्याच जोरावर आडवे केले.