निम्मा पगार, पण कशाचा निम्मा?

जून २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. नवीन यायला वेळ लागणार होता. जनरेटरवर ऑफिस, पाण्याचा पंप आणि एखाद-दुसरं मशीन चालेल एवढीच सोय होती. दोन दिवसांत गेटवर नोटीस लागली : यंत्रसामग्रीतील बिघाडामुळे कायम कामगारांना ले-ऑफ, म्हणजे नोकरी राहणार पण तूर्त काम नाही, आणि नियमानुसार ५० टक्के भरपाई.

नोटिशीवर आमचं काही म्हणणं नव्हतं. वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडलं, माल साठून राहिला, नैसर्गिक आपत्ती आली, ही ले-ऑफची कारणं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच दिली होती. कायम कामगार आम्ही सत्तरच्या आसपास. पन्नासच्या वर म्हणून भरपाई लागू आणि शंभराच्या आत म्हणून सरकारची आधी परवानगी घेण्याची अट नाही. मालकाने काम देता येत नाही म्हणून घरी बसवलं यात लबाडी नव्हती. ट्रान्सफॉर्मर खरंच जळाला होता, आम्ही डोळ्यांनी पाहिला होता.

तंटा सुरू झाला तो पगाराच्या स्लिपा हातात पडल्यावर.

मी टूल रूममध्ये फिटर आणि आमच्या छोट्याशा युनियनच्या कमिटीत. मोल्डिंगचे मामा स्लिप घेऊन माझ्याकडे आले. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, कधी कुणाशी वर आवाज नाही. म्हणाले, "बघ रे जरा, अर्धा पगार म्हणतात तर हा अर्ध्याहून कमी कसा?" त्यांचं बेसिक ९,१०० आणि विशेष भत्ता ३,९००. घरभाडं, प्रवास वगैरे वेगळं. कंपनीने रोजचे १५१ रुपये ६७ पैसे धरले होते. मी कॅन्टीनच्या टेबलावर कागद घेऊन बसलो आणि हा आकडा कुठून आला ते उलटं शोधत गेलो. ९,१०० भागिले ३०, त्याचे निम्मे. म्हणजे विशेष भत्ता गायब, आणि भागाकार तीसने.

कायद्यातलं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं : ले-ऑफ नसता तर जे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळाला असता, त्या दोन्हींच्या बेरजेच्या पन्नास टक्के, साप्ताहिक सुट्ट्या वगळून. मामांची बेरीज १३,०००. सुट्ट्या सोडून महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, त्याने भागलं तर दिवसाचे ५००, निम्मे २५०. रोज अठ्ठ्याण्णव रुपयांचा फरक, महिन्याला अडीच हजारांच्या वर. डोंबिवलीहून लोकलने येऊन, ठाण्याला गाडी बदलून, गेटवर सही करून परत जाणाऱ्या माणसाला अडीच हजार म्हणजे किती असतात ते मी सांगायला नको.

ही रोजची सही का, असं कमिटीतल्या दोघांनी सुरुवातीला विचारलं होतं. काम नाही तर कशाला यायचं, भाडं का घालवायचं? पण ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा हजर झालं नाही तर त्या दिवसाची भरपाई जाते, आणि हजर झालेल्यांची नोंद करता यावी म्हणून मस्टर, म्हणजे हजेरीपट, चालू ठेवणं मालकावर बंधनकारक होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही गेटवर रजिस्टर मागून घेतलं. पावसात भिजत लोक येत, सही करत आणि घणसोलीकडे, दिघ्याकडे, कळव्याकडे परत जात. त्या रजिस्टरनेच पुढे आम्हाला हात दिला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बैठक ठरली. साहेबांनी ठाण्याहून आपले कामगार सल्लागार बोलावले होते. वयस्कर गृहस्थ, फाइलवर बारीक अक्षरात टिपणं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आजही आहे, कारण त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही आणि कागद दाखवला की तो पूर्ण वाचला.

पहिला मुद्दा भत्त्याचा. ते म्हणाले, "हा विशेष भत्ता आहे हो, महागाई भत्ता कुठं आहे?" मी मामांचीच मेची स्लिप पुढे ठेवली. पीएफची कपात १,५६० रुपये. बारा टक्क्यांनी उलटं काढलं की बरोबर १३,००० येतात. पीएफ मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर कापतात. "साहेब, पीएफ कापताना तुम्हीच हा भत्ता महागाईचा धरला आहे. शिवाय हा जानेवारी आणि जुलैत किंमत निर्देशांकानुसार बदलतो. किमान वेतनाचा विशेष भत्ता महाराष्ट्रात असाच ठरतो." त्यांनी स्लिप हातात घेतली, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे द्यावं लागेल."

त्याच दमात मी जुलैच्या वाढीचं काढलं. ले-ऑफ नसता तर जे मिळालं असतं, त्याच्या निम्मे. मग १ जुलैपासून लागू झालेली भत्त्याची वाढही त्यात आलीच पाहिजे. जूनचा आकडा धरून जुलैची भरपाई काढता येत नाही. यावर फार वाद झाला नाही.

खरी ओढाताण तीस की सव्वीस यावर. "महिन्याचा पगार आहे, महिन्याला दिवस तीस," असं ते म्हणाले, आणि ऐकायला ते बरोबर वाटतं. आमच्यातलेही काही जण मान हलवत होते. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही भागताना रविवार धरता आणि गुणताना रविवार सोडता. दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडे सोडा." तरी ते ठाम. मग मी म्हटलं, क्षणभर ले-ऑफ विसरा. ज्या महिन्यात चार सुट्ट्या आणि कामाचे सव्वीस दिवस आहेत तो घ्या. एकही खाडा नाही. तुमच्या हिशेबाने १३,००० भागिले ३०, गुणिले २६. होतात ११,२६६. तुम्ही भरलेल्या महिन्याचा पगार ११,२६६ देता का?

केबिनमध्ये सगळे कॅल्क्युलेटरवर बोटं मारत होते. मी पुढे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची आठवण दिली. तिथे महिन्याच्या पगारावरून पंधरा दिवसांचं वेतन काढताना सव्वीसनेच भागत, तसं त्या कायद्यातच लिहिलं होतं. किमान वेतनाचा रोजचा दरही सव्वीसने भागूनच निघतो. सल्लागारांनी चष्मा काढला, पुसला आणि हिशेबनिसाला हाक मारली : "सगळ्यांचं सव्वीसने करून आणा."

मग निघाला तो दिवस, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त चीड होती. जुलैत एका सकाळी तात्पुरती लाइन जोडायचं चाललं होतं. सातच्या पाळीला आलेल्यांना सांगितलं, आता जा, साडेअकराला या, मशीन चालू होतील. लोक परत आले. मशीन चालू झालीच नाहीत, एक वाजता सगळ्यांना घरी पाठवलं. स्लिपवर त्या दिवसाचा अर्धा पगार. कायदा मात्र स्पष्ट होता : पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात या असं सांगितलं, माणूस आला, आणि तरीही काम दिलं नाही, तर तो दुसरा अर्धा भाग ले-ऑफ मानायचा नाही, त्याचे पूर्ण पैसे द्यायचे. म्हणजे मामांना त्या दिवसाचे पहिल्या भागाचे १२५ आणि दुसऱ्याचे २५०, मिळून ३७५.

साहेब म्हणाले, असं काही झालंच नव्हतं. मी काही बोललो नाही, गेटवरून रजिस्टर मागवलं. त्या तारखेला प्रत्येकाच्या नावापुढे दोन सह्या, दुसरीसमोर वॉचमनने आपल्या हाताने लिहिलेली वेळ, साडेअकरा. परगावाहून आलेला तो वॉचमन, कुणी सांगितलं नव्हतं तरी नेमाने वेळ लिहायचा.

आमच्या बाजूनेही एक मागणी होती जी मी आधीच काढून टाकायला लावली. काही तरुण पोरांचं म्हणणं होतं की एकूण पगाराचा निम्मा मागा, घरभाड्यासकट. पोरं नाराज झाली. पण जे कायद्यात नाही ते मागितलं असतं तर जे आहे त्याच्यावरचीही आमची पकड ढिली झाली असती. उलट एका कागदावर सही न केल्याचा मात्र मला अभिमान आहे. जुलैत टाइम ऑफिसमधून एक संमतिपत्र फिरत होतं, पंचेचाळीस दिवसांनंतरच्या ले-ऑफची भरपाई मागणार नाही म्हणून. वर्षात पंचेचाळीस दिवसांपुढे भरपाई बंद होत होती ती असा करार झाला असेल तरच. आपोआप नाही. आमच्यातल्या एकानेही सही केली नाही, आणि तशी वेळ येण्याआधीच ट्रान्सफॉर्मर बसला.

कापलेल्या हक्काच्या रजाही परत मिळाल्या. हिशेबनिसाने ले-ऑफचे काही दिवस परस्पर रजेत टाकले होते, अर्ज कुणाचाही नव्हता. फरकाची रक्कम सप्टेंबरात पगाराबरोबर वेगळ्या रकान्यात आली. मामांनी स्लिप वाचली, पुन्हा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यातही ले-ऑफची भरपाई मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या बेरजेच्या निम्मीच आहे. मात्र आधी परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे. म्हणजे आमच्यापेक्षा कितीतरी मोठे कारखाने आता सरकारला न विचारता लोकांना घरी बसवू शकतात, आणि हिशेब बरोबर आहे की नाही हे पाहायची जबाबदारी तिथल्या कामगारांवरच येते.

एक गोष्ट मात्र आम्हाला जमली नाही. पॅकिंगमधली ठेकेदाराची पोरं, काही तर चार-चार वर्षं आमच्याच शेडमध्ये उभी राहिलेली. त्या सगळ्या काळात त्यांना एक पैसा मिळाला नाही. त्यांचं नाव आमच्या मस्टरवर नव्हतं आणि ठेकेदाराकडे पन्नास माणसं नव्हती. त्याच बैठकीत मी त्यांचा विषय काढला. साहेब म्हणाले, "तो आपला प्रश्न नाही." सल्लागार गप्प राहिले. ट्रान्सफॉर्मर बसल्यावर त्यातली निम्मी पोरं परत आली, बाकीची तोवर दुसरीकडे लागली होती. पुढच्या करारात आम्ही त्यांच्यासाठी एक कलम मागितलं, ते अजून मंजूर झालेलं नाही. मागणी कायम आहे.