सान क्विरिको ते रादिकोफानी: बुरूज समोर ठेवून चालायचा दिवस

सान क्विरिको द'ओर्चा सोडल्यावर थोड्याच वेळात दक्षिणेला रादिकोफानीचा बुरूज दिसू लागतो. मग दिवसभर तो समोरच असतो, आणि दुपारपर्यंत जवळ आल्यासारखा अजिबात वाटत नाही. रोमकडे जाणाऱ्या व्हिया फ्रांचिजेना या जुन्या यात्रामार्गाच्या, इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या भागातला हा सगळ्यात कठीण टप्पा. अंतर 32-33 किलोमीटर, आणि चढ शेवटी. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललेल्यांना हा हिशेब लगेच कळेल. फरक एवढाच की इथे वाटेत चहा-पाणी घेऊन कुणी उभं नसतं.

म्हणून पहाटे निघा. पहिले पाच किलोमीटर सोपे आहेत. ते संपतात बान्यो विन्योनीला. या गावात चौकाच्या जागी दगडी बांधणीचं गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई आहे, पण तेच पाणी खाली जुन्या गिरण्यांकडे वाहतं आणि तिथल्या चरांत पाय बुडवता येतात. मी मात्र सकाळी पाय बुडवू नका असंच सांगेन. गरम पाण्याने तळव्याची कातडी मऊ पडते, आणि पुढे 27 किलोमीटर बाकी असताना फोड हमखास येतात.

इथून निघताना माणशी तीन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं पाठीवर हवं. पुढे काही घ्यायचं तर गाल्लीना ही एकच वस्ती, आणि तिच्यासाठी वाट थोडी सोडावी लागते. पाव, पिएन्झाचं पेकोरिनो चीज आणि मूठभर सुकामेवा पुरतो. जून ते ऑगस्टमध्ये सावली जवळजवळ नाही. या ओर्चा खोऱ्याला 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. ज्या उघड्या टेकड्यांसाठी लोक इथे फोटो काढायला येतात, त्याच चालणाऱ्याला भाजून काढतात.

या टेकड्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीच्या. कोरड्या असताना खणखणीत, पावसात भयंकर. माती बुटाला चिकटते, तळ दोन बोटं जाड होतो, दहा पावलांवर काठीच्या टोकाने खरवडावा लागतो, आणि पुढच्या दहा पावलांत पुन्हा तेच. आदल्या रात्री जोरात पाऊस झाला असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी वाटेतल्या ओढ्यांची चौकशी करूनच निघा. पाणी चढलेलं असेल तर ओढ्यात पाय घालू नका.

वाटेत ले ब्रिक्कोले लागतं. आज तिथे जुनी पडकी घरं आहेत, पण 990 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना इथे थांबले होते. त्यांच्या जवळपास 80 मुक्कामांच्या यादीत हे नाव आहे. रादिकोफानी त्या यादीत नाही! सिगेरिक पाल्या नदीच्या खोऱ्यातून, खालून गेले. त्यांना हा डोंगर चढावा लागला नव्हता.

मग आपण का चढतो? उत्तर त्या खडकात आहे. रादिकोफानी ही जुन्या ज्वालामुखीची नळी. आतला लाव्हा घट्ट झाला, भोवतालची मऊ माती झिजून गेली आणि काळा कातळ 896 मीटरवर उघडा राहिला. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा दगड परका वाटत नाही. एवढ्या उंचीवरून रोमची वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात जकात. बाराव्या शतकात पोपच्या सत्तेने गढी भक्कम केली आणि पुढे रस्ताच वर आला. मग तेराव्या शतकाच्या शेवटी गीनो दी ताक्को या बंडखोराने गढी बळकावली. त्याने फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपतीला पकडून भाजलेला पाव आणि वाइन देऊन त्याचं पोट बरं केलं, ही चौदाव्या शतकातला इटालियन लेखक बोकाच्चो याची गोष्ट गावात आजही सांगतात. 1735 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात किल्ला उडाला. आज दिसणारा बुरूज विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला आहे.

शेवटचे जवळपास दहा किलोमीटर चढच आहे. एकदम उभा नाही, पण संपत नाही. चढाच्या पायथ्याशी अर्धा तास बसा, मोजे बदला, किमान एक लिटर पाणी शिल्लक आहे ना ते बघा. इथे थकणारे बहुतेक जण सकाळी बान्यो विन्योनीत रेंगाळलेले असतात.

गाव काळ्या दगडाचं, गल्ल्या अरुंद. सान पिएत्रोच्या चर्चमधली देल्ला रोब्बिया घराण्याची चकाकती मातीकामं चुकवू नका. यात्रेकरूंची धर्मशाळा ऐच्छिक देणगीवर चालते. यात्रेकरूचं ओळखपुस्तक लागतं आणि आधी कळवलेलं बरं. इथे जेवणाआधी सेवेकरी गुडघ्यावर बसून आलेल्याच्या पायावर पाणी घालतात, पाय पुसतात आणि पायाचं चुंबन घेतात. वारीत अनोळखी घरातल्या माणसांनी पाय चेपून दिलेले ज्यांनी अनुभवलेत, त्यांनाही इथे पाय मागे घ्यावासा वाटतो. घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतार आहे, खडीच्या रस्त्याने पोन्ते आ रीगोपर्यंत. बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट आवळा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात. पुढे आक्वापेन्देन्तेला, म्हणजे पुढच्या मुक्कामाला, जायला दोन वाटा. कासिया हमरस्त्याची वाट जवळची, पण ट्रक अंगावरून जातात आणि कडेला चालायला जागा नाही. दुसरी प्रोचेनो गावावरून, तिने सात-आठ किलोमीटर जास्त पडतात. प्रोचेनोवरूनच जा.